सतराव्या वर्षी मॅरेथॉन नको, पाच हजार मीटर हवे

भांडुपच्या एका वडिलांनी दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा दहा किलोमीटर 34 मिनिटे 40 सेकंदांत धावतो. इलियुड किपचोगेने दोन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण केल्याची चित्रफीत त्याने इतक्या वेळा पाहिली आहे की ती त्याला तोंडपाठ झाली आहे. आता अठरा पूर्ण होताच येत्या जानेवारीत मुंबईत पूर्ण 42 किलोमीटर धावायचे आणि बारावीनंतर कॉलेज सोडून दिवसभर सराव करायचा, असे त्याने मनाशी ठरवले आहे. मुलाला परवानगी द्यावी का, आणि विजेत्या मॅरेथॉनपटूचे आयुष्य खरोखर कसे घडते, असे वडिलांना जाणून घ्यायचे आहे. मुंबईच्या मैदानांवर गेली सव्वीस वर्षे मी लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवत आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

किपचोगेचा जन्म 1984 चा, केनियाच्या नंदी भागातल्या कापसिसिवा गावचा. आई शिक्षिका. त्याच परिसरात पॅट्रिक सांग राहत असत. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचे, रौप्यपदक त्यांनी मिळवले होते. शाळा संपवलेला किपचोगे त्यांच्याकडे गेला आणि त्याने सरावाचा आराखडा मागितला. सांग यांनी दोन आठवड्यांचा आराखडा सांगितला, तो संपवून मुलगा पुन्हा दारात उभा राहिला आणि असे बरेच दिवस चालले. आजही त्याचे प्रशिक्षक तेच आहेत. आपल्या मुलाने ही गोष्ट चित्रफितीत पाहिली नसेल, पण विसाव्या वर्षाच्या आत एक जाणता माणूस भेटणे आणि पुढची वीस वर्षे त्याचे ऐकत राहणे, याला मी त्याच्या कारकिर्दीचा पाया मानतो.

सांग यांनी त्याला मॅरेथॉनकडे वळवले नाही. 2003 साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत अठरा वर्षांचा किपचोगे 5000 मीटर धावला आणि त्याने 12 मिनिटे 52.79 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. मोरोक्कोचा हिशाम एल गेरूज त्याच्या मागे फक्त चार शतांश सेकंद होता आणि तिसरा होता केनेनिसा बेकेले. पुढल्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये कांस्य, 2008 ला बीजिंगमध्ये रौप्य, दोन्ही 5000 मीटरमध्येच. त्या काळातली त्याची सर्वोत्तम वेळ 5000 मीटरला 12:46.53 आणि 10000 मीटरला 26:49.02 आहे. 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात त्याची निवड झाली नाही, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि ट्रॅकवर त्याच्यापेक्षा तरुण मुले पुढे जात होती. तेव्हा कुठे तो रस्त्यावर आला. पहिली मॅरेथॉन एप्रिल 2013 मध्ये हॅम्बर्गला, वय अठ्ठावीस, वेळ 2:05:30, पहिला क्रमांक.

आपल्या मुलाला शांतपणे बसवून हे आकडे दाखवा. ट्रॅकवरच्या पहिल्या मोठ्या विजयापासून पहिल्या मॅरेथॉनपर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली आहेत, आणि ती वाया गेलेली नाहीत. 12:46 म्हणजे किलोमीटरला सुमारे 2 मिनिटे 33 सेकंद. 2022 मध्ये बर्लिनला त्याने 2:01:09 हा त्या वेळचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्याची सरासरी होती किलोमीटरला 2 मिनिटे 52 सेकंद. म्हणजे मॅरेथॉनमध्ये तो ज्या गतीने धावत होता, ती त्याच्या पाच हजारच्या गतीपेक्षा दर किलोमीटरला 19 सेकंदांनी संथ होती. आपल्याला जी गती अशक्य वाटते ती त्याच्या अंगाला ओळखीची होती, कारण त्याहून कितीतरी जलद धावण्यात त्याने आपली तरुण वर्षे घालवली होती. आम्ही शिकवताना याला हातातली शिल्लक म्हणतो. मॅरेथॉनचा सराव या शिलकीतून खर्च करतो, ती भरून काढत नाही; भरण्याचे वय सोळा ते तेवीस-चोवीस.

आता आपल्या मुलाचे गणित मांडू. दहा किलोमीटरला 34:40 म्हणजे किलोमीटरला 3 मिनिटे 28 सेकंद. सतराव्या वर्षी, मुंबईच्या हवेत, घरून शाळा-क्लास सांभाळून हे टायमिंग चांगले आहे आणि त्याबद्दल त्याचे मनापासून कौतुक करतो. परंतु पॅरिस ऑलिंपिकसाठी पुरुषांच्या मॅरेथॉनची पात्रता वेळ 2:08:10 होती, म्हणजे किलोमीटरला साधारण 3 मिनिटे 2 सेकंद, आणि ही गती 42 किलोमीटर टिकवायची आहे. आज तो दहा किलोमीटरसुद्धा त्या गतीने धावू शकत नाही. या वयात त्याने महिन्यामहिन्याला 30-35 किलोमीटरच्या धावा केल्या, तर किलोमीटरला 3:55 ची गती त्याला दीर्घकाळ ओढता येईल, जानेवारीत कदाचित पावणेतीन तासांत शर्यत पूर्ण होईल, गळ्यात पदक पडेल, सोसायटीत कौतुक होईल, आणि पाय 3:55 ला घट्ट चिकटून बसतील. बावीस वर्षांचा झाल्यावर तो 2:38 धावेल आणि तिथेच थांबेल. अशी मुले मी एक-दोन नव्हे, बरीच पाहिली आहेत.

त्यांच्यापैकी पहिला मी स्वतः होतो. विसाव्या वर्षी, पहिल्या हाफ मॅरेथॉननंतर अवघ्या चार महिन्यांनी मी पूर्ण मॅरेथॉनला उभा राहिलो. सरावाच्या शेवटच्या महिन्यात उजव्या नडगीवर आतल्या बाजूला, घोट्यापासून चार बोटे वर, दुखू लागले. अंगठ्याने दाबले की नेमक्या एका बिंदूवर कळ जायची, आजूबाजूला काही नसायचे. तेव्हा मला मार्गदर्शन करणाऱ्यांनी सांगितले की दुखते आहे म्हणजे पाय घडतो आहे. शर्यत पूर्ण केली आणि दुसऱ्या दिवशी लोकलच्या फलाटावरचा जिना उतरता आला नाही. हाडाला बारीक तडा गेला होता. पाच महिने घरी बसलो आणि त्यानंतर माझे पाच हजारचे टायमिंग 15:21 च्या खाली कधी आले नाही. म्हणून आज कोणताही मुलगा नडगी चोळताना दिसला की मी आधी अंगठ्याने दाबून पाहतो. पसरलेले दुखणे हे बहुधा स्नायूचे असते, आराम आणि बुटांत बदल करून ते जाते. एका बिंदूवरचे दुखणे दिसले की त्याच क्षणी धावणे बंद आणि डॉक्टरांकडे पाठवणे. सतराव्या वर्षी हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते, हे त्याबरोबर लक्षात ठेवावे. मुंबईत पूर्ण मॅरेथॉनसाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. तो प्रवेशाचा नियम आहे, शरीर तयार झाल्याचा दाखला नव्हे.

केनियाचे उदाहरण परके वाटत असेल, तर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याकडे पाहा. मोही हे दुष्काळी पट्ट्यातले गाव, तिथली ललिता बाबर. जानेवारी 2014 मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती सलग तिसऱ्यांदा पहिली आली. तिचे नाव झाले होते, रस्त्यावरच्या शर्यतींत तिला स्थान मिळाले होते. त्यानंतर ती लांब नव्हे तर आखूड अंतराकडे, 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळली. त्याच वर्षी आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्य, 2015 मध्ये आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्ण आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत 9:19.76 असा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी, जिथे ती दहावी आली. पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी एखादी भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत धावत होती. माझ्याकडच्या मुलींना मी त्या शर्यतीची चित्रफीत दाखवतो आणि पाण्याच्या अडथळ्यानंतर ती पुन्हा लय कशी पकडते याकडे बघायला सांगतो. मॅरेथॉनने दिलेला दम तिला उपयोगी पडला असणारच, पण तिच्यातला वेग रस्त्यावर उघड झाला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपले जुने मॅरेथॉनपटू शिवनाथ सिंग यांचेही तसेच. 1974 च्या तेहरान आशियाई स्पर्धेत त्यांनी 5000 मीटरचे सुवर्ण जिंकले, 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला अकरावे आले आणि 1978 साली जालंधरला 2:12:00 धावले. तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. आजचे बूट नाहीत, आजचे आहारशास्त्र नाही, तरीही. त्यांच्या पायात 5000 आणि 10000 मीटरचा वेग आधीपासून होता, हे त्या विक्रमामागचे मोठे कारण आहे.

किपचोगेच्या मॅरेथॉनच्या वर्षांकडे परत येतो. 2013 मध्ये बर्लिनला तो विल्सन किपसांगच्या मागे दुसरा आला; त्यानंतर 2014 च्या रॉटरडॅमपासून 2019 च्या लंडनपर्यंत सलग दहा मॅरेथॉन जिंकला. 2016 ला रिओ आणि 2021 ला साप्पोरो (टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन तिथे झाली), अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके. अबेबे बिकिला आणि वाल्डेमार सिर्पिन्स्की यांच्याखेरीज हे कोणाला जमलेले नाही. मुलांना या यादीतले 1:59:40 तेवढे आठवते. व्हिएन्नातली 12 ऑक्टोबर 2019 ची ती धाव माणसाच्या शरीराची मर्यादा दाखवणारी होती, पण तिची नोंद विक्रम म्हणून झाली नाही, कारण वेग ठरवून देणारे धावपटू गटागटाने बदलत होते, पुढे चालणारी गाडी रस्त्यावर प्रकाशरेषा टाकत होती आणि पाणी सायकलवरून हातात दिले जात होते.

मला शिकवण्यासाठी 2018 चे बर्लिन अधिक मोलाचे वाटते. त्या दिवशी शेवटचा पेसर, म्हणजे वेग ठरवून देणारा धावपटू, 25 व्या किलोमीटरला बाजूला झाला आणि उरलेले सतरा किलोमीटर किपचोगे एकटा धावला. पहिला अर्धा भाग 61:06, दुसरा 60:33. एकूण 2:01:39, आधीच्या जागतिक विक्रमापेक्षा सव्वा मिनिटाहून जास्त कमी. मॅरेथॉनमध्ये साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर स्नायूंमधला आणि यकृतातला साखरेचा साठा संपत येतो, पाय लाकडासारखे होतात आणि गती घसरते; त्या टप्प्यावर कोणी सोबत नसताना गती वाढवणे म्हणजे सुरुवातीचे वीस किलोमीटर तो खरोखर स्वतःला आवरून धावला होता. आपल्याकडे जानेवारीत पहाटेच्या गारव्यात, मरीन ड्राइव्हच्या सपाट रस्त्यावर, टाळ्यांच्या आवाजात सगळे हौशी धावपटू ठरलेल्या गतीपेक्षा वीस-वीस सेकंद पुढे पळतात आणि परतीच्या वाटेवर, ऊन चढलेले असताना, पेडर रोडचा चढ समोर आला की चालू लागतात. त्या चढाच्या पायथ्याशी मी अनेक वर्षे उभा राहिलो आहे. चढ फार मोठा नाही. जाताना तोच चढ गप्पा मारत पार केलेला असतो.

मुंबईच्या हवेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुलाचा सराव इथेच होणार आहे. बर्लिनच्या कोरड्या थंडीत घाम हवेत विरतो आणि त्याबरोबर अंगातली उष्णता जाते. इथे दमटपणामुळे घाम निथळतो, पण विरत नाही, म्हणून अंग तापत राहते आणि त्याच गतीला हृदयाचे ठोके वाढतात. एका ऑक्टोबरमध्ये मी आरे कॉलनीत एका मुलाचे वजन केले. 20 किलोमीटरच्या धावेआधी 58.4 किलो, धाव संपल्यावर 56.6 किलो, आणि मधे तो अर्धा लिटर पाणी प्यायला होता. म्हणजे दीड तासात सव्वादोन लिटरच्या वर घाम गेला. त्याचे मोजे काढून पिळले, तर पाण्याची धार लागली. अशा दिवशी किलोमीटरला 10-15 सेकंद गती कमी ठेवणे ही कमजोरी नसून शहाणपण आहे, आणि पाण्याबरोबर मीठही जायला हवे, कारण नुसते पाणी भरपूर ढोसल्याने रक्तातले सोडियम घसरून माणूस गंभीर आजारी पडू शकतो.

दुसरा मुंबईचा प्रश्न विश्रांतीचा. कापतागतच्या शिबिरात, सुमारे 2400 मीटर उंचीवर, किपचोगे आठवड्याला 200 किलोमीटरहून अधिक धावतो. मंगळवारी ट्रॅक, गुरुवारी लांब धाव, शनिवारी फार्टलेक, म्हणजे आळीपाळीने जलद आणि संथ; उरलेल्या धावा इतक्या सावकाश सुरू होतात की शेजारून जाणाऱ्याला हा विश्वविजेता आहे असे वाटू नये. सोमवार ते शनिवार तो घरापासून दूर शिबिरात राहतो, बाकीच्यांबरोबर झाडलोट करतो, संडास धुतो, मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि पालेभाजी खातो, आणि दुपारी झोपतो. या झोपेला मी सरावाइतकेच महत्त्व देतो. आमची मुले पहाटे चार-साडेचारला उठतात, मैदानावरून परस्पर कॉलेजला जातात, लोकलमध्ये दरवाजाशी तास-तास उभी राहतात, दुपारी वडापाव खातात आणि रात्री अकराला आडवी होतात. त्यांना 200 किलोमीटरचा आराखडा दिला, तर ती दोन महिन्यांत मोडतील. म्हणून भांडुपच्या मुलाने नामांकित मैदानासाठी रोज दक्षिण मुंबई गाठू नये. चार दिवस मुलुंड-भांडुप परिसरातच सोपे धावावे, ट्रॅकचे काम आठवड्यातून दोनदा ठाण्याला दादोजी कोंडदेव क्रीडागृहात करता आले तर उत्तम, आणि रविवारी आरेच्या झाडीत चढ-उताराची लांब धाव.

पुढची चार वर्षे मी अशी आखेन. पहिल्या वर्षी आठवड्याला 55 ते 65 किलोमीटर, त्यातले चार-पंचमांश बोलता येईल इतक्या सावकाश. एका दिवशी 400 किंवा 1000 मीटरच्या जलद धावा, एका दिवशी चढावरच्या छोट्या झेपा. स्पर्धा 1500, 3000 आणि 5000 मीटरच्या, आणि हिवाळ्यात क्रॉस कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातली मातीवरची शर्यत, जिथे वीस वर्षांखालील मुलांसाठी अंतर 8 किलोमीटर असते. एकोणीसाव्या वर्षापर्यंत 5000 मीटरला पंधरा मिनिटे तीस सेकंद, एकविसाव्या वर्षापर्यंत पंधराच्या आत, हे गाठण्यासारखे आहे. त्यानंतर पहिली हाफ मॅरेथॉन आणि तेवीस-चोवीसला पहिली पूर्ण. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्यावे. लोह कमी असलेली मुले महिनोन्‌महिने आळशी ठरवली जातात, हे मी फार पाहिले आहे. बुटांच्या बाबतीत घाई नको. कार्बन पट्टीचे महागडे बूट विजेत्यांना काही सेकंद देतात, पण वाढत्या पोटरीने आणि तळपायाने आपले काम साध्या बुटांत शिकलेले बरे.

कॉलेज सोडू नये, यावर मी ठाम आहे, आणि कारण केवळ पोटापाण्याचे नाही. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धा, या वयातल्या मुलाला याहून चांगली ट्रॅकची शर्यत मिळत नाही, आणि त्यात उतरायचे तर प्रवेश घेतलेला असावा लागतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. तिथे ग्राह्य धरली जाते ती मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांमधली कामगिरी. रविवारच्या खुल्या शर्यतींची पदके कितीही जमली, तरी त्या अर्जात त्यांचा उपयोग होत नाही. सेनादलाचा मार्गही आहे. 2017 मध्ये आशियाई मॅरेथॉन अजिंक्यपद जिंकणारा पहिला भारतीय पुरुष, टी. गोपी, सैन्यातूनच पुढे आला.

मुलाला आणखी एक शर्यत दाखवावी, असे सुचवतो. 10 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिक. एकोणचाळीस वर्षांचा किपचोगे तिसऱ्या सुवर्णपदकासाठी उतरला होता. चढांच्या त्या मार्गावर तो मध्यातच मागे पडला, पाठ दुखत होती, तीस किलोमीटरनंतर तो चालू लागला, सगळ्यांना पुढे जाऊ दिले आणि थांबला. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये शिकागोला केल्विन किप्टमने 2:00:35 धावून त्याचा विक्रम मोडला होता, आणि चारच महिन्यांत, चोवीस वर्षांचा असताना, मोटार अपघातात किप्टम आणि त्याचे प्रशिक्षक दोघेही गेले. किपचोगेने त्यानंतरही धावणे सोडले नाही; 2025 मध्ये लंडनला तो 2:05:25 मध्ये सहावा आला. वीस वर्षांहून अधिक काळ वरच्या पातळीवर राहिलेल्या माणसाच्या कारकिर्दीत हे दिवसही येतात, आणि ते त्याच्या विजयांइतकेच खरे आहेत.

जानेवारीत मुलाला पूर्णपणे घरी बसवू नका, त्याचा हिरमोड होईल. दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरू द्या आणि तेहतीस मिनिटांच्या आसपास धावायचे लक्ष्य द्या. मला भेटायला आणाल, तेव्हा त्याचे पदक किंवा मोबाइलमधले आलेख आणू नका. त्याचे सर्वांत झिजलेले बूट आणा, न धुता. टाच बाहेरून झिजली आहे की चवड्याखाली, आणि डावा-उजवा सारखे झिजले आहेत का, हे मला आधी पाहायचे आहे. आणि एक कोरी दोनशे पानी वही, कारण किपचोगे 2003 पासून रोजचा सराव हाताने लिहीत आला आहे आणि आपल्या मुलाची पहिली नोंद त्याच दिवशी होईल.